कल्चर निगेटिव्ह आलं तरी पुन्हा अँटिबायोटिक?

उद्यमबाग

विषय असा आहे की गडीमाणसं चारचौघांत बोलत नाहीत आणि घरातही नाही. दवाखान्यात बाहेर नंबर लावून बसलेल्यांना ऐकू जाईल म्हणून 'लघवीचा थोडा त्रास' एवढंच सांगून मोकळी होतात. म्हणून इथं, या ऑनलाइन चर्चेच्या धाग्यावर, उघड लिहितो.

अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतं. मशीनवर उभा असतो तोवर ठीक, ड्रॉइंग घेऊन खुर्चीत बसलो की सुरू. मोटारसायकलवरून चोर्ल्याचा घाट म्हणजे तर शिक्षाच. लघवी करून आलो तरी झाल्यासारखी वाटत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) नॉर्मल, लघवीचं कल्चर (जंतू उगवतात का ते बघणं) निगेटिव्ह. चिठ्ठीवर 'प्रोस्टेटायटिस', म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची सूज, आणि खाली सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) नाहीतर लिव्होफ्लॉक्सासिन, दोन्ही अँटिबायोटिकच. डॉक्टर बदलला की तीच गोळी, फक्त कंपनी वेगळी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९५ साली या दुखण्याचे चार प्रकार पाडले. पहिले दोन जंतूंचे. चौथ्यात त्रासच नसतो, दुसऱ्या कशासाठी तपासताना सापडतो. उरला तिसरा: निदान तीन महिने ओटीपोटात, खालच्या भागात दुखतंय आणि जंतूचा पत्ता नाही. दहातले नऊ पेशंट या तिसऱ्यातले. मग त्या नऊ जणांना जंतू मारायचं औषध कशासाठी?

२००४ साली सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारं औषध) यांची खोट्या गोळीशी तुलना झाली, १९६ जणांवर, सहा आठवडे. सांगण्यासारखा फरक नाही. २००८ साली त्याच जातीचं अल्फुझोसिन, २७२ जण, बारा आठवडे. तेच. उलट २०२१ मध्ये चीनमधल्या दहा हॉस्पिटलांत ४४० जणांवर ॲक्युपंक्चरचा प्रयोग छापून आला, आठ आठवड्यांत वीस बैठका. खऱ्या सुयांनी ६०.६ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला, नकली सुयांनी ३६.८ टक्के. सुया थांबवल्यावर पुढं चोवीस आठवडे फरक टिकून होता.

आता सांगा, यात पर्यायी कुठलं आणि मुख्य कुठलं? माझं म्हणणं एवढंच: एक कोर्स वाया गेला की पुढच्या चिठ्ठीवर फिजिओ, शेक, सुया यायला पाहिजेत. जडीबुटीवाल्यांची वकिली मी करत नाही.

चिक्कोडी ओपीडी

मी सर्जन आहे, त्यामुळे माझ्यावर दगड पडणार हे धरूनच लिहितो.

तुम्ही दिलेले आकडे बरोबर, पण २००४ च्या त्या प्रयोगात बहुतेक जुने दुखणेकरी होते, आधीच बरीच औषधं घेऊन झालेले. आजार नवा असेल आणि आधी कोर्स झालेला नसेल तर एकदा अँटिबायोटिक देऊन बघायला युरोपच्या युरॉलॉजीवाल्यांच्या मार्गदर्शिकेतही मुभा आहे. एकदा. इथवर तुमचं माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. साधं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे जंतू नाहीत असं होत नाही. क्षयाचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवतच नाही, संभोगातून पसरणारा क्लॅमिडियाही नाही. लघवीत पू पेशी भरपूर आणि कल्चर कोरं, असा रिपोर्ट दिसला की आपल्या देशात आधी मूत्रमार्गाचा टीबी डोक्यात यायला पाहिजे. आणि आपण तंबाखूच्या पट्ट्यात राहतो. मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला अगदी असाच वागतो: जळजळ, वारंवार लघवी, खाली दुखणं. बिडी-सिगारेटवाल्याला किंवा लघवीतून रक्त गेलेल्याला मी सायटोलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) आणि मूत्राशयात दुर्बिणीनं बघितल्याशिवाय सुयांकडे पाठवणार नाही.

तुम्ही स्वतः ओढता का, हे लिहिलेलं नाही.

विणकर गल्ली

डॉक्टरसाहेब, मान हाय तुमचा, पण तुमच्याकडं यायच्या आधी माणूस काय करत होता ते पण बघा की. आमच्यात हातमागावर बसणारी जुनी माणसं. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर एकाच फळीवर बूड. माझ्या मामांना चाळिशीत हेच झालं. वैद्यांनी गोक्षुरादि गुग्गुळ आणि चंद्रप्रभा दिली, रात्री घमेल्यात कोमट पाणी घालून त्यात बसायला लावलं, वर वातूळ खाणं बंद. हरभऱ्याची डाळ बंद, वांगं बंद. उतरलं दुखणं. सुश्रुतानं मूत्राघाताचे बारा प्रकार सांगून ठेवलेत, त्यात वाताष्ठीला हाय. हे सगळं अमेरिकेनं १९९५ ला शोधलं असं म्हटल्यावर हसू येतं बगा.

खानापूर मेडिकल

वाताष्ठीलेचं वर्णन पूर्ण वाचा ना राव. मूत्राशय आणि गुद यांच्यामध्ये दगडासारखी कठीण गाठ, तिनं लघवी, शौच, वारा सगळं अडतं. हे म्हातारपणी प्रोस्टेट वाढल्यावर होतं त्याच्याशी जुळतं. पस्तीस-चाळीसच्या माणसाला गाठ नसते, अडथळा नसतो, नुसतं दुखतं. ग्रंथात सापडलं म्हणून तेच हे, असं कसं?

आणि मामांना आराम कशानं पडला? गुग्गुळानं, कोमट पाण्यानं, की मागावरनं उठून घमेल्यात बसल्यानं?

मी काउंटरवर बसतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. लेबल असलेल्या चंद्रप्रभेवर माझा राग नाही. राग आहे तो बिनलेबलच्या पुड्यांवर. गिऱ्हाईक पुडी दाखवतं: 'नाटी (गावठी) औषध हाय, चार डोसांत गुण.' चार डोसांत सांधे, दमा आणि हे, सगळ्यालाच गुण येत असेल तर आत स्टिरॉइड किंवा दुखण्याची गोळी कुटून घातल्याचा संशय आधी घ्यावा. महिन्याभरात तोंड सुजलेली, साखर चढलेली माणसं बघितलीत. १९५४ चा जादुई उपचार-जाहिरात कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायलाच बंदी आहे त्यांच्या यादीत प्रोस्टेटचे विकार स्पष्ट लिहिलेत. तरी बसस्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी' मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. भाषावादाची तेवढी एक जागा सुटली आहे.

विणकर गल्ली

पुडीवाल्यांना मी कवा चांगलं म्हटलं? वैद्य म्हटलं की तुम्ही पुडीवाला ऐकता. बीएएमएस शिकलेली माणसं हाईत की बेळगावात. आणि कशानं आराम पडला ह्याचा हिशेब तुम्ही मांडा, मामा सायकलवर बसून बाजारला जायला लागले एवढं मला पुरे.

टिळकवाडी फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एवढ्या प्रतिसादांत फिजिओबद्दल फक्त धागाकर्त्यांचा एक शब्द आला, म्हणून लिहिते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, पेल्विक फ्लोअर. लघवी-शौच धरून ठेवायची तीच आणि सोडायची तीच. दुखतं म्हणून माणूस ती आवळतो, आवळल्यानं आणखी दुखतं. तिसऱ्या प्रकारातल्या अनेकांच्या तपासणीत हे स्नायू ताठ सापडतात. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं एकेक स्नायू दाबून बघतात. आवळलेल्या स्नायूच्या नेमक्या गाठीवर दाब आला की पेशंट म्हणतो, 'हेच ते!' बोट असतं आत डाव्या बाजूला आणि कळ जाते लिंगाच्या टोकाला किंवा ओटीपोटात. महिनोन्महिने प्रोस्टेटच्या नावावर जमा झालेली कळ. मग त्या गाठीवर हळू दाब धरून ठेवायचा, सुटेपर्यंत. जोडीला पोटानं श्वास, मांडीच्या आतले आणि बैठकीचे स्नायू ताणणं. २००९ साली अशा मायोफेशियल उपचाराची साध्या मसाजशी तुलना झाली. ५७ टक्के विरुद्ध २१ टक्के लोकांना फरक. पण एकूण माणसं ४७ आणि त्यात स्त्रियाही, म्हणून फार मोठा डंका वाजवत नाही.

एक सांगायलाच हवं. मोबाईलवर बघून कीगल करत सुटलेले खूप येतात. कीगल म्हणजे आवळण्याचा व्यायाम. जो आधीच आवळून बसलाय त्याला आणखी आवळायला लावलं तर त्रास वाढणारच. आधी सोडायला शिका.

आणि विणकर गल्ली, तुमच्या मामांचं घमेलं मला पूर्ण मान्य आहे. गरम पाण्यात बसल्यावर तेच स्नायू सैल पडतात.

निपाणकर

मॅडम, पटतंय सगळं. पण गुदद्वारातून तपासणी, तीही बाईमाणसाकडून, आणि आठवड्यातून कितीदा तरी? आमच्याकडचा माणूस मरेल पण जाणार नाही.

टिळकवाडी फिजिओ

पुरुष फिजिओ असतात, विचारून जा. आमच्यातले सगळे हे काम करत नाहीत, त्यामुळे फोनवर 'पेल्विक फ्लोअर करता का' हे आधी विचारा. न करणाऱ्याकडे गेलात तर कमरेला मशीन लावून परत पाठवतील. आतून तपासणी नको असेल तर श्वास, ताणणं, शेक, बसायच्या सवयी यांवरही बराच भाग होतो. आणि मरणार वगैरे काही नाही हो, बायका बाळंतपणात काय काय सोसतात.

चंदगडी माणूस

मी ना डॉक्टर ना पेशंट, आकड्यांचा खाजखोर. चीनच्या प्रयोगात नकली सुयांनी ३६.८ टक्के लोकांना बरं वाटलं, हे धागाकर्त्यानं भर्रकन वाचून पुढं ढकललं. वरवर आणि जागा सोडून टोचलेल्या सुया, तरी तिघांतल्या एकाहून जास्त लोकांना आराम! आणि सुया टोचणाऱ्याला तर कुणाला खरी, कुणाला खोटी हे माहीतच असतं. त्याच्या बोलण्यावागण्यातून पेशंटला ते कळलं नसेलच, हे कसं सांगणार?

क्वेर्सेटिन या वनस्पतींत सापडणाऱ्या घटकाच्या गोळ्यांचंही असंच. १९९९ साली तीस जणांवर, रोज ५०० मिलिग्रॅम दोनदा, महिनाभर. आराम ६७ टक्के, खोट्या गोळीनं २० टक्के. तीस जण म्हणजे आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ. तेवढ्यावर आज डबे विकतात. आमच्या एका पाहुण्यानं तर क्वेर्सेटिन कांद्यात असतं म्हणून ताटात कांद्याचा ढीग लावला. शंभर ग्रॅम कांद्यात पन्नास मिलिग्रॅमसुद्धा सहसा भरत नाही, डोस पुरा करायचा तर दिवसाला दोन किलोच्या वर खा. प्रोस्टेटचं माहीत नाही, घरातली माणसं लांब पळाली. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क तर वर्षभर देऊन बघितला, २००४ साली छापून आलं, त्रासाचा स्कोअर जागचा हलला नाही.

पर्यायी म्हटलं की चाळण मोठ्या भोकांची आणि अँटिबायोटिक म्हटलं की बारीक, हे नको.

उद्यमबाग

चंदगडी भाऊ, बरोबर. पण मग त्याच बारीक चाळणीतून अँटिबायोटिकही घाला. तिथं खोट्या गोळीला आणि खऱ्या गोळीला सारखाच आराम होता, इथं निदान खऱ्या-खोट्यात फरक तरी दिसला. शिवाय चुकलं तर किंमत काय? सुई चुकली तर थोडं रक्त, जरा दुखेल. सिप्रो-लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली इशारा आणखी कडक केला: कंडरा, स्नायू, नसा, कधी कायमचं नुकसान. साध्या दुखण्यांत दुसरं औषध चालत असेल तर हे वापरू नका म्हणून. ही चिठ्ठी लिहिताना मला कुणी 'टाच दुखली तर गोळी बंद करून या' एवढंही सांगितलं नाही. ज्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो तिथं आत गेल्यापासून चिठ्ठी हातात पडेपर्यंत डॉक्टरांनी मान वर केली नव्हती.

चिक्कोडी ओपीडी

इशाऱ्याचं मान्य. त्यात आणखी एक भर घालतो, तुमच्याच बाजूची: लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही चालतं. म्हणजे टीबी असेल तर थोडे दिवस दबतो, रिपोर्ट फसतात, निदान लांबतं. आंधळेपणानं हे औषध लिहिणाऱ्यांचा बचाव मी करणार नाही.

मान वर न करण्याचा करतो, थोडा. ओपीडीत गर्दी असते. पेशंट मिरज-कोल्हापूर फिरून आलेला असतो, फाईल हातात, चेहऱ्यावर 'आता तुम्ही तरी'. त्याला 'औषध नको, श्वास घ्या' म्हटलं की तो खाली उतरून समोरच्या 'गॅरंटी'वाल्या बोर्डाकडे जातो. गोळी लिहिली की निदान पंधरा दिवसांनी परत माझ्याकडे येतो. हे शास्त्र नाही, पण खरं आहे.

खानापूर मेडिकल

डॉक्टर, मग त्याच पानावर फिजिओ लिहा की! गोळीसारखंच लिहा: रोज किती वेळा, किती दिवस. छापील कागदावर आलं की आपला माणूस पाळतो.

निपाणकर

आणि पैसे? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, पण ती दाखल होऊन करायच्या उपचारांची. फिजिओच्या बैठका, सुया, सगळं खिशातनं. मजुरी बुडते ती वेगळीच. अँटिबायोटिकची पट्टी त्यापेक्षा स्वस्त पडते. लोक ती का घेतात ह्याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

विणकर गल्ली

घमेलं फुकट हाय.

चिक्कोडी ओपीडी

घमेल्याला माझा विरोध नाही, फक्त पाणी हाताला सोसेल एवढंच गरम. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा. आणि वैद्यांच्या औषधांत एक फरक करा. पोटात घ्यायच्या लेबलवाल्या गोळ्या वेगळ्या आणि उत्तरबस्ती वेगळी. पुरुषांत उत्तरबस्ती लघवीच्या वाटेनं आत सोडतात. जंतू नसलेल्या ठिकाणी जंतू नेऊन ठेवायचा तो रस्ता आहे. मी कुणालाही करू देणार नाही.

उद्यमबाग, तुमच्यापुरतं सांगतो. या त्रासाचं माप काढणारा सीपीएसआय नावाचा नऊ प्रश्नांचा फॉर्म आहे, गुण ० ते ४३. आज भरा, तारीख घाला. फिजिओ सुरू करा, सुयाही करायच्या असतील तर शिकलेल्या माणसाकडे, एकदाच वापरायच्या सुया. दोन महिन्यांनी परत भरा. सहा गुण उतरले तर तुम्ही जिंकलात, मी इथं येऊन लिहीन. नाही उतरले तर दुर्बिणीला या.

त्याआधी लघवीची टीबीसाठी तपासणी करून घ्या, सलग तीन सकाळची पहिली लघवी. आणि सिगारेट ओढता का, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.