१/७२ हेलकॅट नाइट फायटर (एफ६एफ-५एन): रडारचा पॉड, ग्लॉसी सी ब्लू आणि पांढरे तारे

दर्यावर्दी७२
एडुआर्ड कंपनीचं १/७२ प्रमाणातलं एफ६एफ-५एन (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी हेलकॅट, रात्री लढणारं) हे प्लॅस्टिक मॉडेल जोडतोय. फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि पंख तयार आहेत. पुढच्या कामाबद्दल तीन शंका:
१. रडारचा पॉड (पंखावरचा फुगीर डबा) रंगाआधी चिकटवायचा की नंतर?
२. मिस्टर कलर ३६५ (ग्लॉसी सी ब्लू, चकचकीत गडद निळा लॅकर रंग) मारणार आहे, पण डोंबिवलीच्या पावसाळी हवेत लॅकर पांढरट पडतो. उपाय?
३. गडद निळ्यावर पांढऱ्या ताऱ्याचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) लावलं की खालचा निळा डोकावतो का?
मार्किंग अमेरिकी मरीन्सच्या व्हीएमएफ(एन)-५४१ या रात्रीच्या लढाऊ स्क्वाड्रनचं करायचंय.

पुटीबहाद्दर
पॉड आधीच चिकटवा. तो पंखाच्या पुढच्या कडेवर बसतो, तिथली फट नंतर भरायला गेलात तर भोवतालचा चकचकीत रंग खराब होणार. बाजू एकदा तपासून घ्या: वैमानिकाची उजवी, म्हणजे समोरून बघणाऱ्याची डावी.

पॉडचे दोन अर्धे आधी वेगळे जोडून घ्या. जोड फेविक्विकने भरा आणि तासा-दोन तासांत घासा. रात्रभर ठेवलंत तर तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना आजूबाजूचंच प्लॅस्टिक जातं. पेपर ६००, १०००, २००० असा चढता, एकही टप्पा गाळू नका. मॅट रंगात लपणारे ओरखडे या निळ्यात लांबूनही दिसतात.

बसवताना पंखावर पेन्सिलने फ्यूजलाजला समांतर रेघ मारा. वरून आणि बाजूने दोन्हीकडून बघा. पॉड किंचित बाहेर वळला तरी अख्खं विमान तिरकं वाटतं. पॉड आणि पंखामधल्या फटीला पुटी नको. मिस्टर सरफेसर ५०० (फटी भरणारा दाट प्रायमर) ब्रशने भरा आणि अर्ध्या तासाने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने जादाचं पुसून काढा. घासावं लागत नाही, रिव्हेट शाबूत राहतात.

निळाई
रंगाचं सांगतो. पांढरट पडण्याचं कारण साधं आहे: थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. म्हणून साध्या थिनरऐवजी मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) असतो. रंग १, थिनर २. एअरब्रशची ०.३ मिमी सुई, १२ ते १५ पीएसआय, अंतर ५-६ सेंमी. आधी दोन हलके हात, दहा मिनिटं थांबून एक ओला हात. खोलीत तासभर एसी चालवून मगच सुरू करा आणि कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी आधी काढून टाका, नाहीतर पाण्याचे थेंब थेट पंखावर. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर हत्यारं धुवायला ठीक. ओला हात बसला की प्लॅस्टिक खातो.

पांढरटपणा आलाच तर कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा जातो. मास्किंगआधी (टेपने झाकण्याआधी) ४८ तास वाळू द्या.

निव्वळ ३६५ या स्केलला जवळजवळ काळा दिसतो. फिका करायला पांढरा घालू नका, दुधाळ होतो. ३६६ इंटरमीडिएट ब्लू साधारण एक दशांश घाला.

मास्किंगवाला
३६६ वरच्या पृष्ठभागापुरता ठीक, पोटाखाली निव्वळ ३६५ च राहू द्या. ऊन तिथे पोचत नाही.

तिसऱ्या शंकेचं उत्तर: हो, डोकावतो. डिकलचा पांढरा पातळ असला की तारा आकाशी दिसतो. एकावर एक दोन डिकल लावणारे आहेत, पण कडा जुळवताना जीव जातो आणि जाडी दिसते. त्यापेक्षा उलट क्रमाने जा. प्रायमरवर चारही जागी पांढरा मारा: फ्यूजलाजच्या दोन्ही बाजू, डाव्या पंखाच्या वर, उजव्याच्या खाली. तो वाळला की तारा आणि पट्ट्यांचे मास्क चिकटवा. कडांवर पुन्हा पांढऱ्याचाच हलका फवारा द्या, म्हणजे फट असलीच तर तीत पांढराच शिरतो. मग निळा. मास्क निळा पुरता कडक होण्याआधी काढा, नाहीतर कड तुटते.

व्हीएमएफ(एन)-५४१ आधी पॅसिफिकमधल्या पेलेलिउ बेटावर होतं, डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या ताक्लोबानला गेलं. तिथले पी-६१ (अमेरिकी आर्मीची रात्रीची लढाऊ विमानं) जपानी विमानांना गाठायला कमी पडत होते, म्हणून जागांची ही अदलाबदल. तेव्हा विमान कुठलं ते आधी ठरवा: पेलेलिउला पोवळ्याची पांढुरकी धूळ, ताक्लोबानला चिखल. दोन्ही एकाच चाकावर नकोत!

दर्यावर्दी७२
ताक्लोबानच करतो. आतल्या बाजूच्या दोन मशीनगनच्या जागी २० मिमी तोफा दाखवायच्या का?

पुटीबहाद्दर
काही ५एन वर होत्या, सगळ्यांवर नाही. निवडलेल्या विमानाचा फोटो बघा. लावायच्याच असतील तर २५ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचे तुकडे चालतात, व्यास ०.५ मिमीच्या आसपास. कटरने तोडू नका, तोंड चेपतं. बारीक कानसीने फिरवत फिरवत कापा. आणि हे शेवटी लावा, हाताळताना सगळ्यात आधी तेच मोडतं.