बोल्टन ॲबीची गोल फेरी कोणत्या काठाने?
वर विचारलंय की यॉर्कशरमधल्या बोल्टन ॲबी गावातून व्हार्फ नदीकाठची फेरी कुठून सुरू करावी. जाताना पूर्व काठ, येताना पश्चिम. पूर्वेकडे चढउतार, मुळं आणि चिखल आहे, तो ताज्या पायांनी उरकावा.

प्रायरीच्या (जुन्या ख्रिस्ती मठाच्या) अवशेषांमागे नदी पायी ओलांडायला पन्नासाहून जास्त दगड मांडलेत. डोंगरात पाऊस झाला की व्हार्फ झपाट्याने चढते, दगड बुडतात. सरळ शेजारच्या पुलावरून जा. पुढे प्रवाहाच्या उलट दिशेने झाडीतून चालत राहा. बार्डन ब्रिजच्या थोडं अलीकडे कमानींचा, किल्ल्यासारखा दिसणारा पूल लागतो. त्याच्या पोटातून ब्रॅडफर्डला पाणी जातं. तिथेच नदी ओलांडून परत फिरायचं.

परतीच्या वाटेवर स्ट्रिड. अख्खी नदी इथे जेमतेम दोन-तीन मीटरच्या फटीत शिरते, त्यामुळे उडी सहज जमेल असं वाटतं. अजिबात मारू नका! कडेचा खडक शेवाळाने निसरडा आहे आणि पाण्याखाली आतून कोरलेला, पडलेला माणूस त्यात ओढला जातो. मुलांचा हात धरूनच पाहा.

एकूण दहा-अकरा किलोमीटर, रमतगमत साडेतीन तास. चहा कॅव्हेंडिश पॅव्हिलियनला. पार्किंगला पैसे पडतात, आणि कमी नाहीत.