उत्तर: सामानासाठी पिकअपच्या हौद्यात (मागच्या उघड्या भागात) ड्रॉवर की छतावर कॅरियर?
सगळं सामान छतावर टाका, या वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. वजन वर गेलं की गुरुत्वमध्यही वर जातो, मग बालाघाटाच्या आडव्या उतारावर गाडी डुलायला लागते. मी माझ्या व्ही-क्रॉसच्या (इसुझूचा पिकअप) हौद्यात मरीन प्लायचे दोन ड्रॉवर करून घेतले. पाण्याचे कॅन, जॅक, ओढायचा पट्टा तळाशी, केबिनला टेकून. वर फक्त तंबू.

टायरचं म्हणाल, तर पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात ऑल-टेरेनही (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर) हरतात. खाचा चिखलानं लिंपल्या की टायर गुळगुळीत. गेल्या आषाढात गंगाखेडजवळ मला शेवटी बैलजोडीनंच बाहेर काढलं! (बैलवाले काका अजून हसतात.) पाऊस उघडल्यावर दोन दिवस थांबा, मगच गाडी रानात घाला.

आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, हात लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा; ते गाडीत बदल करण्याबद्दल आहे.