रेन ट्रीवर पांढरा कापूस, खाली चिकटा: फवारणी करावी का?

विश्रामबागकर
सांगलीत विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना रेन ट्री आहे, साधारण ५० फूट उंच. फेब्रुवारीपासून कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापूस दिसतोय, खालच्या गाड्या चिकट होतात, पानं काळी पडलीत आणि खोडावर दिवसभर मुंग्यांची रांग. बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक आहेत. काही जण झाड तोडा म्हणतात, काही औषध मारा. काय करावं?

पानगळ
आधी कीड ओळखा. खाली पडलेली डहाळी भिंगाखाली धरा. मऊ, पिठाळ किडा, पाठीवर दोन गडद पट्टे आणि मागे दोन लांब शेपट्या असतील तर तो फेरिसिया जातीचा पिठ्या ढेकूण. फांदीवर लालसर-तपकिरी खडबडीत कवच असेल आणि नखानं खरवडल्यावर राळेसारखा तुकडा निघत असेल तर तो लाखेचा किडा. रेन ट्रीवर तो चांगलाच पोसतो, थायलंडमध्ये याच झाडावर लाख पिकवतात. तुमच्या वर्णनावरून पिठ्या ढेकूणच वाटतो.

पानावरचं काळं हा रोग नव्हे. किडीच्या गोड चिकट्यावर वाढलेली बुरशी आहे ती, ओल्या बोटानं पुसली की निघते. बुरशीनाशकावर पैसे घालू नका. मुंग्या मात्र गंभीर आहेत. चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात, ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्यांना हुसकावतात.

तोडण्याबद्दल: १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यात 'झाड तोडणे' यात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. फांद्या छाटायच्या तरी आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या.

बागायतदार_तासगाव
द्राक्षात या किडीशी दरवर्षी गाठ असते, म्हणून सांगतो. ५० फुटी झाडावर रासायनिक फवारा मारू नका. किडीच्या अंगावरच्या मेणामुळे औषध ओघळून जातं, मरतात ते मित्रकीटक, आणि उरलेलं औषध येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पडतं. खोडाला भोक पाडून आंतरप्रवाही (रसातून झाडभर पसरणारं) औषध सोडणं त्याहून वाईट: जखम कायमची, शिवाय उन्हाळ्यात झाड फुलावर असतं, मधमाश्यांना त्रास.

आधी मुंग्या अडवा. छातीच्या उंचीवर खोडाभोवती फूटभर रुंदीचं जाड प्लास्टिक घट्ट बांधा, सालीच्या खाचांत कापूस कोंबा आणि ग्रीस प्लास्टिकवर लावा, सालीवर कधीच नाही. धूळ बसून ग्रीस सुकतं, दर आठवड्याला बघा. वायर किंवा भिंतीला टेकलेली एखादी फांदी राहिली तर मुंग्या तिथून चढतात आणि सगळी मेहनत वाया. पावसाळ्याआधी पट्टा काढा, नाहीतर आत साल कुजते.

मग टँकरच्या पाइपनं हात पोचेल तिथवर पाण्याचा जोरदार मारा. खालच्या फांद्यांना ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली साबणद्रावण प्रति लिटर, १० ते १२ दिवसांनी पुन्हा. 'संध्याकाळी फवारा' हा नेहमीचा सल्ला इथे चालत नाही. रेन ट्रीची पानं दिवस मावळताना मिटतात, मिटलेल्या पानांत औषध पोचत नाही. सकाळी पानं उघडली की लगेच, ऊन चढायच्या आत मारा.

मुळाशी_माती
वरचे सगळे उपाय झाले तरी पेव्हिंग ब्लॉक तसेच राहिले तर पुढच्या मार्चला कीड परत येईल. मुळांना पाणी-हवा नाही, रस्त्याची धग, पानांवर धुळीचा थर, अशा झाडावर रस शोषणारी कीड जोर धरते. अमेरिकेत रॅले शहरात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओकच्या झाडांवरचे खवले कीटक (फांदीला चिकटून रस शोषणारी कीड) सर्वांत उष्ण भागात थंड भागाच्या १३ पटींपर्यंत आढळले होते. झाड वेगळं, कीड वेगळी, पण आपल्या रस्त्यांवर मेमध्ये काय होत असेल याची कल्पना येते.

बुंध्याभोवती निदान १ मीटर जागा मोकळी करा. हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी हेच अंतर सांगितलं होतं. ब्रेकर लावू नका, पहारीनं एकेक ब्लॉक उचला. अंगठ्याहून जाड मूळ दिसलं तर हात लावायचा नाही. वर ३-४ इंच पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. उन्हाळ्यात १५ दिवसांतून एकदा ३००-४०० लिटर पाणी, पाइप बारीक सोडून. एकदम ओतलं तर गटारात जाईल.

विश्रामबागकर
आभार. पट्टेवाला ढेकूणच निघाला. पण त्यांच्यातच दुपटीनं मोठे, पांढऱ्या झालरीचे, भराभर चालणारे काही आहेत. हे जास्त घातक का?

बागायतदार_तासगाव
त्यांना मारू नका! ढेकूण जागचा फारसा हलत नाही. भराभर चालणारी ती क्रिप्टोलेमसची किंवा त्याच्याच कुळातल्या भुंगेऱ्याची अळी, ढेकणासारखं सोंग घेऊन ढेकूण खाते. क्रिप्टोलेमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणला. मोठा झाला की काळपट, डोकं नारिंगी, जेमतेम ४ मिमी. आता निंबोळी तेलही थांबवा आणि मुंग्यांचा पट्टा तेवढा सांभाळा. छाटलेल्या डहाळ्या पेटवू नका, त्यांवर या अळ्या असतील. जाळीच्या पिशवीत घालून झाडालाच टांगा.