'टनेलिंग'ला सुरंगन म्हणावं का?

प्रश्न: नागपुरात बी.एस्सी.ला शिकवते. अतिथंड घन पदार्थांतल्या अभिक्रियांमध्ये हायड्रोजनचं क्वांटम टनेलिंग, म्हणजे ऊर्जेचा अडथळा चढायला पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाचं पलीकडे जाणं, मराठीत सांगायचं होतं. 'पुंज सुरंगन' म्हटलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यात स्फोट कुठं होते?" त्याचे वडील उमरेडकडे कोळसा खाणीत आहेत.

– पोराचं बरोबर आहे, ताई. मराठीत सुरुंग लावतात, उडवतात. सुरंग म्हणजे बोगदा हा अर्थ हिंदीतला. नागपुरात दोन्ही भाषा कानावर असतात, म्हणून आपल्याला खटकत नाही. सरळ 'बोगदन' म्हणा.

– दादा, बोगदा एकदा खणला की त्यातून सायकल जाते तसा ट्रकही जातो. इथे खणत कोणीच नाही, आणि जड कणाला तीच वाट जवळपास बंद असते. हायड्रॉक्सिमिथिलीनचंच पाहा. २००८ साली हा रेणू गोठवलेल्या आरगॉनमध्ये ११ केल्व्हिनला (सुमारे उणे २६२ अंश सेल्सिअस) अडकवून ठेवला होता. एवढ्या थंडीत अडथळा चढून जाण्याइतकी ऊर्जा असणं शक्यच नाही. तरी ऑक्सिजनवरचा हायड्रोजन कार्बनवर गेला आणि फॉर्माल्डिहाइड झालं. अर्धायुकाल, म्हणजे निम्मे रेणू बदलायला लागणारा वेळ, सुमारे २ तास! त्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलं, तर रेणू तसाच राहिला. अडथळा जवळपास तोच, वस्तुमान तेवढं दुप्पट. क्वांटम जगात कण लाटेसारखाही वागतो, आणि ही लाट अडथळ्यात शिरल्यावर झपाट्यानं विरत जाते. कण हलका आणि अडथळा अरुंद असेल, तरच पलीकडे थोडी उरते. हे 'बोगदा' शब्दात कुठेच येत नाही.

– मग 'झिरपणे'? माठातून पाणी झिरपतं तसं. विरत जाणं त्यात येतं.

– विरणं येतं, हे खरं. पण माठाला छिद्रं असतात, पाणी थोडं थोडं बाहेर येतं. हायड्रोजनचा अणू अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे असा कधी सापडत नाही. मला 'आरपार जाणे' जवळचं वाटतं. खणणं नाही, छिद्र नाही, आणि क्रियापद आयतं मिळतं. 'हायड्रोजन बोगदतो' असं कोण म्हणेल?

– परीक्षेत नाम लागेल ना?

– नाम 'टनेलिंग'च राहू द्या, पोरांना ते पाठ आहे. समजावताना मात्र क्रियापद आपलं हवं: '११ केल्व्हिनला हायड्रोजन अडथळ्याच्या आरपार जातो, ड्युटेरियम अडकून राहतं.' उद्या हेच फळ्यावर लिहिते. त्या पोराला विचारीन, आता स्फोट दिसतो का.