क्रिगिंगमागचा माणूस

भूजलाच्या नकाशांबद्दल बोलताना ‘क्रिगिंग’चा, म्हणजे मोजक्या ठिकाणच्या मोजमापांवरून मधल्या जागांचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीचा, उल्लेख होतो, म्हणून त्याबद्दल थोडं. हे नाव दक्षिण आफ्रिकेच्या डॅनी क्रिख (१९१९–२०१३) यांचं. शिक्षणाने खाण अभियंता! विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत त्यांना दिसलं, की नमुन्यांत जिथे सोनं भरघोस दिसतं, तिथे प्रत्यक्ष खोदल्यावर सरासरीने कमीच निघतं. नमुने गरीब असतील तिथे उलट. मग एकाच ठिकाणच्या नमुन्यांवर विसंबण्याऐवजी आजूबाजूच्या नमुन्यांनाही वजन देऊन अंदाज दुरुस्त करायचा, हे त्यांनी १९५१ मध्ये मांडलं. फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी त्यावर गणिती सिद्धांत उभारला आणि पद्धतीला क्रिख यांचंच नाव दिलं. हा मोठेपणा मला फार भावतो. विटवॉटर्सरँड विद्यापीठात क्रिख प्राध्यापक झाले ते पुढे, १९८१ मध्ये.