‘झैनब’ की ‘जैनब’? अर्थ आणि लेखन यांविषयी सल्ला हवा

वेळवी_दापोली : आमच्या मुलीचे नाव तिच्या पणजीवरून ठेवायचे हे निश्चित झाले आहे, त्यामुळे कृपया दुसरी नावे सुचवू नयेत. या अरबी नावाचा खरा अर्थ काय आणि जन्मनोंदीत ते देवनागरीत कसे लिहावे, एवढेच विचारायचे आहे.

समुद्रपक्षी : आम्ही मुलीचे नाव मरियम ठेवले आणि आजतागायत कोणत्याही शिक्षकाला ते उच्चारताना अडचण आली नाही. आपणही याचा विचार करावा.

कोकणकडा७ : झैन म्हणजे शोभा आणि अब म्हणजे वडील, म्हणून ‘पित्याचे भूषण’. माझ्या भाचीचे नाव हेच असल्यामुळे मला खात्री आहे.

मुळाक्षर : हा अर्थ सर्वत्र आढळतो, परंतु तो नंतर जोडलेला वाटतो, कारण अरबी व्याकरणानुसार असा समास साधारणपणे ‘झैन अल्-अब’ असा झाला असता. ‘लिसान अल्-अरब’ या तेराव्या शतकातील कोशात झैनब हे देखण्या व सुवासिक झाडाचे नाव असून त्यावरूनच स्त्रीचे नाव पडले, असे म्हटले आहे. ‘झनब’ म्हणजे पुष्टता, ही व्युत्पत्तीही तेथेच आहे. मला स्वतःला झाडाचा अर्थ अधिक भावतो.

कोकणकडा७ : तरीही घरोघरी ‘पित्याचे भूषण’ हाच अर्थ सांगितला जातो, आणि नाव ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थही अर्थच असतो.

शामची_वाट : अर्थापेक्षा हे नाव कोणी धारण केले ते मुलीला अवश्य सांगा. पैगंबरांची थोरली कन्या झैनब, त्यांच्या दोन पत्नी झैनब. त्यांपैकी झैनब बिन्त खुझैमा यांना दानशूरपणामुळे ‘गरिबांची आई’ म्हणत. पैगंबरांची नात, अलींची मुलगी झैनब, 680 साली करबला येथे भाऊ हुसेन मारले गेल्यावर कैदेत दमास्कसला नेली गेली आणि तेव्हाचा खलिफा यझीद याच्या भर दरबारात त्याला निर्भयपणे बोलली. दमास्कसजवळ आणि कैरोत तिच्या नावाची श्रद्धास्थाने आहेत. तुर्कस्तानात हेच नाव ‘झेनेप’ होते.

तीन_दाखले : आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर जैनब, शाळेत झैनाब आणि पारपत्रावर झेनब असे झाले, आणि प्रतिज्ञापत्रे करण्यात दोन वर्षे गेली. रोमन लिपीतील अक्षरे आधी ठरवा, मग सर्वत्र तीच ठेवा. घाईही करू नका: जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नाव नोंदणीनंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येते.

मुळाक्षर : लेखन ‘झैनब’च योग्य, मराठीत आपण झहीर, झीनत असेच लिहितो. ‘झैनाब’ मात्र नको, कारण मूळ अरबीत शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे.

समुद्रपक्षी : मीही झैनबच म्हणेन, मरियम नको असेल तर.

वेळवी_दापोली : सर्वांचे मनापासून आभार. सुवासिक झाडाचा अर्थ घरात सर्वांना आवडला, आणि दमास्कसच्या दरबारातील झैनबची हकिकत मी मुलीला नक्की सांगेन. लेखन मात्र आम्ही ‘जैनब’च ठेवत आहोत. पणजी गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि जमिनीच्या जुन्या कागदावर त्यांची सही आहे, ती ‘जैनब’ अशीच आहे.